शांती अवेदना सदन, वांद्रे : दिवे घाटापासून वाखरीपर्यंत

वांद्र्याच्या मोतमाउलीच्या (माउंट मेरी चर्चच्या) टेकडीवर, समुद्राच्या अंगाला असलेल्या शांती अवेदना सदनात माझी आई २३ दिवस होती आणि तिथेच ती गेली. त्या २३ दिवसांविषयी लिहायला मला दोन वर्षे लागली. एखाद्या सेवेचा अभिप्राय लिहायचा म्हटले की खाटा, स्वच्छता आणि माणसांची वागणूक यांविषयी लिहिण्याची रीत आहे आणि ते मीही लिहिणार आहे. परंतु लिहायला बसले ते वेगळ्या कारणासाठी. आयुष्यातल्या सर्वांत वाईट महिन्यात देव जवळ असल्याची खूण मला या वास्तूत पटली, आणि ती पटण्याचा तिथल्या औषधांच्या वेळांशी व जखम धुण्याच्या पद्धतीशी थेट संबंध होता, असे माझे ठाम मत आहे.

आई मूळची सातारा जिल्ह्यातली. लग्नानंतर लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत तिने वर्षानुवर्षे गिरणी कामगारांची खानावळ चालवली. १९८२ च्या संपात जेवणाऱ्यांचे पैसे थकले, तेव्हाही तिने कुणाचे ताट बंद केले नाही. गळ्यात तुळशीची माळ होती आणि आळंदी ते पंढरपूर अशा १९ पायी वाऱ्या तिच्या नावावर होत्या. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर चार वर्षे बरी गेली. त्यानंतर तो पुन्हा उलटला तो पाठीच्या कण्यात आणि छातीवर उघड्या जखमेच्या रूपाने. कण्यातली कळ आली की ती पदराचा बोळा तोंडात धरायची, कारण चाळीत आवाज जातो. जखमेला वास येऊ लागला, तशी आम्ही खोलीत दिवसभर उदबत्ती लावायला लागलो. शेजारच्यांनी काही म्हटले नाही, पण दारे लोटली जाऊ लागली. मी पट्टी बदलताना श्वास धरून मान फिरवायचे. आईला ते दिसत होते. हे लिहिणे सोपे नाही, पण ते वगळले तर पुढचे काहीच समजणार नाही.

ज्या रुग्णालयात उपचार चालू होते, तिथे आधी आणखी एक केमोथेरपी घेऊन पाहू असे सांगण्यात आले आणि तीन आठवड्यांनी, आता घरी न्या, असे. दुखण्याचे काय करायचे, हे आम्ही दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा साध्या गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली. मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाचे नाव मी स्वतः वाचून काढले आणि तीन औषधांच्या दुकानांतून रिकाम्या हातांनी परत आले. अमली पदार्थांविषयीचा १९८५ चा कायदा इतका कडक होता की त्याच्या धाकाने वैद्यकीय गरजेचे मॉर्फिनही दुकानांतून नाहीसे झाले. २०१४ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन वाट मोकळी झाली, तरी मनातला धाक गेलेला नाही आणि त्याचा भोग रुग्णाच्या वाट्याला येतो. त्या दिवसांत देव्हाऱ्यातल्या विठ्ठलासमोर दिवा लावणे मी सोडून दिले. १९ वेळा चालत गेलेल्या बाईला पदर चावून रडावे लागते, तर तुझ्याशी बोलण्यासारखे माझ्याकडे काही नाही, असे मी त्याला मोठ्याने सांगितले होते.

सदनाचे नाव आम्हाला ओळखीच्या एका परिचारिकेने सांगितले. टाटा रुग्णालयातील कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसूझा यांच्या पुढाकाराने १९८६ मध्ये सुरू झालेली ही भारतातली पहिली हॉस्पिस. ज्या रुग्णांचा कर्करोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे, त्यांच्या वेदना आणि इतर त्रास कमी करून उरलेले दिवस सुसह्य करणे एवढेच तिचे काम. या विचाराची आधुनिक सुरुवात सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला काढलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसपासून मानली जाते. वेदना केवळ शरीराची नसते, तिच्यात मनाची, घरच्यांची आणि श्रद्धेचीही वेदना मिसळलेली असते, ही त्यांची मांडणी मी नंतर वाचली. अनुभव आधी घेतला होता. वांद्र्याच्या सदनात ख्रिस्ती धर्मभगिनी शुश्रूषा करतात, रुग्ण कोणत्याही धर्माचा असला तरी चालतो आणि पैसे घेतले जात नाहीत. संस्थेची गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही केंद्रे आहेत.

आत्याला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "जिवंत माणसाला मरायला नेऊन ठेवताय." दादा तिच्यापुढे गप्प बसला आणि मग चार दिवसांपुरतेच न्यायचे, या बोलीवर तयार झाला. अशा निर्णयाच्या वेळी घरात नेमके हेच वाक्य कुणीतरी उच्चारते आणि त्या वाक्याच्या भीतीने रुग्ण आणखी महिनाभर कळा सोसतो, म्हणून ते इथे नोंदवून ठेवते. आम्ही सहा आठवडे उशीर केला. या सेवेविषयी माझी काही खंत असेल तर ती एवढीच आहे आणि तिला जबाबदार आम्ही आहोत.

पालखीने आळंदीहून प्रस्थान ठेवले त्याच आठवड्यात आईला तिथे नेले. लालबागहून टॅक्सी केली. पाऊस होता आणि मोतमाउलीच्या चढावर प्रत्येक खड्ड्याला आई माझ्या दंडात नखे रोवत होती. चर्चबाहेरच्या दुकानांत मेणाचे हात, पाय, डोळे, तान्ही बाळे आणि घरे मांडलेली असतात. ज्याचे जे दुखते वा ज्याला जे हवे, तो त्या आकाराचे मेण वाहतो. गाडीच्या काचेतून ते दिसले आणि मला संताप आला. मागितले की मिळते, असे मानणारी इतकी माणसे आहेत आणि आमच्या वाट्याला हे आले, असे वाटले. सदनात मात्र मागणे-वाहणे असले काही नव्हते. डॉक्टरांचे पत्र आणि तपासण्यांची कागदपत्रे पाहिली गेली, आईला स्वच्छ चादरीवर निजवले गेले आणि तिला पहिला प्रश्न विचारला गेला तो दुखण्याविषयी.

डॉक्टरांनी विचारले, "आजी, दुखणे दहापैकी किती?" अशा मोजमापाची रीत आहे, शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य. आईला ते काही जमेना. ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "दिवे घाट." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. पुण्याहून सासवडला जाताना माउलींची पालखी दिवे घाट चढते, तो वारीतला सर्वांत थकवणारा टप्पा, पाय उचलत नाहीत आणि मागे फिरता येत नाही, असे मी समजावून सांगितले. त्यांनी मान डोलावली, त्यात हसण्यावारी नेण्यासारखे काही त्यांना वाटले नाही, आणि कागदावर काहीतरी लिहून घेतले. दुसऱ्या दिवशी औषध द्यायला आलेल्या वसईकडच्या सिस्टरने शुद्ध मराठीत विचारले, "आजी, अजून घाटातच आहात का?" मला वाटते, त्या क्षणी आईने आपला सगळा भार त्या माणसांवर टाकला.

इथल्या कामातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे मॉर्फिन देण्याची शिस्त. कळ आल्यावर गोळी देणे ही आमची घरची पद्धत होती आणि तीच चूक होती. इथे सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० अशा घड्याळाच्या वेळा होत्या, म्हणजे एका गोळीचा अंमल उतरण्यापूर्वीच दुसरी पोटात जाई. रात्रीची मात्रा दुप्पट असे, जेणेकरून मध्यरात्री उठवावे लागू नये. जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी अशी पायरीपायरीची आणि घड्याळाप्रमाणे औषध देण्याची पद्धत १९८६ मध्येच प्रसिद्ध केली होती, ज्या वर्षी हे सदन सुरू झाले त्याच वर्षी. मॉर्फिनने पोट साफ होत नाही म्हणून त्याचे औषध पहिल्या दिवसापासून सोबत होते. सवय लागेल का, ही माझी शंका डॉक्टरांनी शांतपणे दूर केली: ज्याला खरी वेदना आहे आणि ज्याला मोजून औषध मिळते, त्याच्या बाबतीत ती भीती अवास्तव आहे. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "सासवड आलं, पोरी." सासवडला पालखीचा दोन रात्रींचा मुक्काम असतो. तिने चार महिन्यांनी पहिल्यांदा पाय लांब केले.

आता जखमेविषयी. ती धुण्याचे काम सिस्टर रोज करीत, आणि पाचव्या दिवशी त्यांनी मला, बघायचे असेल तर थांबा, असे सांगितले. चिकटलेली पट्टी त्यांनी ओढली नाही. कोमट सलाइनने ती भिजवत ठेवली, आईशी खानावळीतल्या आमटीविषयी बोलत राहिल्या, आणि पट्टी आपणहून सुटेपर्यंत थांबल्या. मग जखमेवर मेट्रोनिडॅझोलची बारीक पूड पसरली, कारण वास ज्या जंतूंमुळे येतो ते त्याने मरतात. एवढे साधे, स्वस्त औषध, आणि आम्ही उदबत्त्या जाळत बसलो होतो. हे सारे करताना त्यांचा चेहरा जखमेपासून वीतभर अंतरावर होता आणि त्यांनी मान फिरवली नाही. श्वास धरला नव्हता, हे मला त्यांच्या बोलण्याच्या लयीवरून कळत होते. दोन दिवसांत वास गेला. आईने माझा हात धरून स्वतःच्या खांद्याजवळ ओढला आणि म्हणाली, "आता ये जवळ." मी खूप दिवसांनी तिच्या मानेत तोंड घातले. तिला तिचा स्वतःचा वास होता, पिठाचा आणि घामाचा.

त्याच दिवशी संध्याकाळी, ६ ची गोळी होऊन गेल्यावर, ज्याला मी देवाची जवळीक म्हणते ते घडले. घडले असे म्हणावे तर बाहेरून पाहणाऱ्याला काही दिसले नसते. पाऊस थांबला होता, पलीकडच्या खाटेवरच्या बाईंची मुलगी हळू आवाजात उर्दूतून काहीतरी म्हणत होती आणि आई झोपली होती. तिचे पाऊल माझ्या मांडीवर होते. तिच्या श्वासात कण्हणे नव्हते. मी कान देऊन ऐकत राहिले, कारण कण्हण्याची मला इतकी सवय झाली होती की ते नसणे हेच मला ऐकू येत होते. आणि त्या शांततेत कुणीतरी आहे, हे मला स्पष्ट कळले.

कसे कळले, याला माझ्याकडे एकच तुलना आहे. खानावळीच्या दिवसांत आई पहाटे चारला उठायची. आम्ही मुले त्याच खोलीत, स्टोव्हपासून चार हात अंतरावर निजलेली असायचो. डोळे मिटलेले, अंधार पुरता, पण भाकरी थापल्याचा थप-थप आवाज कानावर येत राहायचा, आणि झोपेतच कळायचे की आई जागी आहे. ते कळले की झोप अधिक गाढ लागायची. तिने आमच्याकडे पाहावे, बोलावे, असे काही लागत नसे. ती जागी आहे, एवढे पुरे होई. त्या संध्याकाळी मला तसेच वाटले. आई झोपली होती, तिला जागे राहण्याचे आता बळ नव्हते, आणि तरीही कुणीतरी जागे होते. तिच्यासाठी होते आणि माझ्यासाठीही. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही, आई बरी होईल असे क्षणभरही वाटले नाही. भीती तेवढी गेली. मी विठ्ठलाचे नाव घेतले, पण भिंतीवर येशूची तसबीर होती, बाजूला दुआ चालू होती, आणि नाव कोणते घ्यावे याने त्या जागेपणात काही फरक पडला असता, असे मला वाटत नाही.

ही मनाची समजूत असेल, असे दादाने मला नंतर सांगितले, आणि त्याच्यावर मी रागावले नाही. मला एवढेच ठाऊक आहे की त्याआधीच्या चार महिन्यांत मी याहून कितीतरी अधिक आर्ततेने देवाला हाका मारल्या होत्या आणि काहीच कळले नव्हते. वेदनेने खोली इतकी भरलेली होती की तिथे दुसऱ्या कुणाला उभे राहायला जागा नव्हती. जागा करून दिली ती त्या गोळ्यांनी, त्या पुडीने आणि पट्टी भिजेपर्यंत थांबणाऱ्या हातांनी. म्हणून देवाची कृपा आणि सदनाची सेवा यांच्यात मला रेघ ओढता येत नाही. निघताना मी मेणाच्या दुकानापाशी थांबले. तिथल्या आकारांत मला मिळाले होते त्याचा आकार नव्हता, म्हणून साधी मेणबत्ती घेतली आणि मोतमाउलीपुढे लावली. घरी गेल्यावर देव्हाऱ्यातला दिवाही लावला.

पुढचे दिवस सगळे सुखाचे गेले, असे नाही. कण्याची कळ दोनदा वाढली, मात्रा दोनदा वाढवावी लागली, मधल्या एका रात्री तिला भास झाले आणि ती खानावळीतल्या माणसांना नावाने हाका मारू लागली. डॉक्टरांनी त्याचे कारण आणि उपाय दोन्ही आम्हाला समजावून सांगितले. काहीही लपवले गेले नाही आणि कोणतीही खोटी आशा दाखवली गेली नाही. ज्यांना अखेरपर्यंत कर्करोगावर उपचार चालू ठेवायचे आहेत, अतिदक्षता विभाग आणि कृत्रिम श्वास हवा आहे, त्यांच्यासाठी ही जागा नाही, हे समजून जावे. आत्या दहाव्या दिवशी आली. आईने तिला खाटेवर बसवून घेतले आणि तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकून घेतल्या. जाताना आत्या व्हरांड्यात उभी राहून बराच वेळ रडली आणि म्हणाली, "हिला हसताना बघून किती दिवस झाले गं."

धर्माविषयी शंका असणाऱ्यांसाठी सांगते. आम्हाला प्रार्थनेला बसायला कुणी सांगितले नाही. आषाढी एकादशीला आईने भगर मागितली. मी घरून पातळ पेज करून नेली, सिस्टरना विचारले आणि त्यांनीच चमच्याने तिला भरवली. वारीत सगळे एकमेकांना माउली म्हणतात, त्याच सवयीने आई त्यांना माउली म्हणाली. त्यांनी खिडकीतून टेकडीच्या दिशेने बोट दाखवून, आमचीही माउलीच आहे, असे सांगितले. आई म्हणाली, "मग झालं तर." तीन चमचे पेज गेली. दादाने मोबाइलवर चंद्रभागेचे वाळवंट दाखवले, पण तिने डोळे मिटूनच ठेवले आणि म्हणाली, "माझी पालखी अजून वाखरीला हाय." वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात आणि तिथून पंढरपूर पायी दोन तासांवर राहते. एकादशीनंतर चौथ्या दिवशी दुपारी, २ ची गोळी झाल्यावर, तिचा श्वास लांब लांब होत गेला आणि थांबला. मी तिचे पाऊल धरून होते. ते जागेपण तेव्हाही तिथे होते, त्या पहिल्या संध्याकाळइतके स्पष्ट नाही, पण होते.

ज्यांना गरज पडेल त्यांच्यासाठी आणखी थोडे. डॉक्टरांकडे, आता दुखण्याचे काय करायचे, हा प्रश्न आजाराच्या शेवटी नव्हे, तर मधेच विचारावा; उत्तर नीट मिळाले नाही तर पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करण्याचे काम करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवा, अशी स्पष्ट मागणी करावी. नेण्यापूर्वी दूरध्वनी करून जागा आहे का, कोणते कागद लागतील आणि नातेवाइकांच्या भेटीचे व थांबण्याचे नियम काय आहेत, ते विचारून घ्यावे. पुण्याकडच्या मंडळींसाठी वारजे येथे सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून अशीच विनामूल्य सेवा देते. वांद्रे स्थानकातून पश्चिमेला रिक्षा मिळते. रुग्णासोबत असाल तर चढावर हळू चालवायला सांगा. सोबत रुग्णाची स्वतःची मऊ गोधडी न्या. आणि संस्था पैसे घेत नाही म्हणून आपणही देऊ नयेत, असे नाही. तिचे काम देणगीवर चालते.

एक गोष्ट राहिली. आधीच्या एका ठिकाणी तपासणीच्या वेळी आईची माळ कुणालाही न विचारता कात्रीने कापली गेली होती आणि तिचे मणी आम्ही रुमालात बांधून आणले होते. मी ते पुन्हा ओवले, पण जखम मानेपर्यंत आल्यामुळे माळ गळ्यात घालता येईना, आणि वारकऱ्याने माळेवाचून राहायचे नसते. सदनात पहिल्याच दिवशी सिस्टरनी रुमालातली माळ पाहिली, ती काय आहे ते विचारून घेतले आणि दोन वेढे देऊन आईच्या उजव्या मनगटाला बांधली. आई गेल्यावर त्यांनी तिला आंघोळ घातली, केस विंचरले आणि मला आत बोलावले. मनगटावरची माळ सोडून त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता गळ्यात घाला. आता दुखायचं नाही."